जुन्या मोटारसायकलीस नवे टायर

कित्येक घरांत वडिलांच्या किंवा आजोबांच्या वेळची एखादी मोटारसायकल अद्यापि जपून ठेवलेली असते. दसऱ्यास तिला झेंडूची माळ पडते, रविवारीं घरांतील एखादा मुलगा तिला बाहेर काढतो, आणि पाहुणे आले म्हणजे तिच्या टाकीवरील सोनेरी रेघांची तारीफ होते. तिचें इंजिन, तिचा रंग, तिची बैठक यांविषयीं घरांतील प्रत्येकास कांहीं ना कांहीं ठाऊक असतें. परंतु ज्यांच्यावर ती उभी असते आणि ज्यांचा जमिनीशीं संबंध जेमतेम तळहाताएवढ्या जागेपुरताच येतो, त्या दोन टायरांविषयीं मात्र सहसा कोणी विचार करीत नाहीं. आम्हींहि केला नव्हता. त्याचा दंड आमच्या घरांत भलत्याच माणसास भोगावा लागला. ही गोष्ट प्रथमच सांगून टाकतों, कारण पुढें जें लिहावयाचें आहे तें सारें आम्ही त्या प्रसंगानंतरच शिकलों.

आमच्या वडीलबंधूंनीं १९७८ सालीं ३५० सी. सी. ची बुलेट घेतली. रॉयल एनफील्ड ही मूळची इंग्लंडांतील रेडिच येथील कंपनी. १९५५ पासून मद्रासेस एनफील्ड इंडिया या नांवानें ही गाडी आपल्याकडे बांधली जाऊं लागली. दादांची गाडी त्याच घराण्यांतली. गिअर उजव्या पायाकडे आणि ब्रेक डाव्या पायाकडे. तीस वर्षें त्यांनीं ती रोज चालविली. नोकरींतून निवृत्त झाल्यावर तिचें बाहेर पडणें कमी झालें आणि पुढें पुढें महिन्यांतून एक-दोन वेळां वाईहून पांचगणीपर्यंत जाऊन येणें एवढेंच तिचें काम उरलें.

२०२३ च्या गुढीपाडव्यास आमचा पुतण्या म्हणाला, "काका, मागचा टायर बदलूं या." आम्हीं टायरावर हात फिरविला, खांचांत बोट घालून पाहिलें, आणि मास्तरकीच्या संवयीनें निकाल दिला कीं नक्षी अजून शाबूत आहे, उगाच पैसे कशास घालवावयाचे? जन्मभर खडूचा शेवटचा तुकडाहि वापरून संपविणाऱ्या माणसाचा तो निकाल होता. ऑगस्ट महिन्यांत पसरणीच्या घाटांतून खालीं येतांना, पावसाची भुरभुर चालू असतां, एका वळणावर त्यानें मागील ब्रेक हलकाच दाबला. गाडी मुळींच जोरांत नव्हती. मागील चाक एकदम बाजूस सरकलें आणि आम्ही दोघेहि रस्त्यावर आलों. आम्हांस गुडघ्याच्या खरचटण्यावर निभावलें. पुतण्याचें हांसळीचें हाड मोडलें. मागून एखादी एस. टी. येत असती तर काय झालें असतें याचा विचार आम्ही आजहि रात्रीं करतों.

घरीं आल्यावर तो टायर आम्हीं प्रथमच नीट पाहिला. नक्षी खरोखरच शाबूत होती. परंतु बाजूवर केंसासारख्या बारीक भेगा होत्या, नख रोंवलें तर रुतत नव्हतें, आणि एका लहानशा लंबगोल चौकटींत चार आंकडे होते: ३१०९. हे आंकडे काय सांगतात हें त्यापूर्वीं आम्हांस ठाऊकच नव्हतें. पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २००९ सालच्या एकतिसाव्या आठवड्यांत हा टायर सांच्यांतून निघाला होता. चौदा वर्षांचा टायर आम्हीं त्याच्या खांचांची खोली मोजून तरुण ठरविला होता.

येथें रबराविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. झाडाच्या चिकापासून निघालेलें रबर उन्हाळ्यांत चिकट व थंडींत ठिसूळ होई. चार्ल्स गुडइअर या अमेरिकन गृहस्थानें १८३९ च्या सुमारास गंधकासह तें तापवून टिकाऊ करण्याची युक्ति शोधून काढली. गंधक रबराच्या लांब लांब रेणूंस जागोजाग सांधतें. त्यामुळें तें ताणलें तरी पुन्हां मूळ आकारास येतें. टायराचा काळा रंग त्यांत मिसळलेल्या काजळीचा असतो, आणि ती काजळी केवळ शोभेसाठीं नसून झीज व ऊन यांपासून रबराचें रक्षण करते. परंतु हवेंतील प्राणवायु व ओझोन आपलें काम सावकाश करीतच असतात. वर्षांमागून वर्षें गेलीं म्हणजे रबराचा लवचीकपणा जातो. आणि टायर रस्ता धरतो तो लवचीकपणाच्या बळावर. डांबरांतील खडीच्या बारीक उंचसखलपणांत रबर क्षणभर बसतें व सुटतें, तीच त्याची पकड. कठीण झालेलें रबर खडीवरून नुसतें घसरतें. मग पाणी बाहेर टाकण्यास खांचा कितीहि खोल असोत. चालत्या गाडीचा टायर झिजून मरतो आणि ठेवलेल्या गाडीचा टायर वाळून मरतो, एवढाच काय तो भेद. जुनी गाडी बहुधा ठेवलेलीच असते. टायर बनविणारे सांगतात कीं पांच वर्षांनंतर दरवर्षीं तो जाणत्याकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षें झालीं म्हणजे तो कसाहि दिसत असला तरी काढून टाकावा. आम्हीं आमच्या घरापुरती मर्यादा सहा वर्षांची ठरविली आहे. कोणास ती फार वाटेल. आम्हांस आतां वाटत नाहीं.

टायर बदलण्याचें ठरलें तेव्हां दुसरी चूक झाली. पुतण्याच्या मित्रांचें मत असें कीं मागील चाक रुंद असलें म्हणजे गाडी घट्ट बसते. एका मोठ्या शहरांतील दुकानदारानें त्या मतास दुजोरा दिला आणि ३.२५ च्या जागीं ४.०० आंकड्याचा टायर चढवून दिला. गाडी दिसूं लागली मोठी दिमाखदार! परंतु टायर साखळीच्या झांकणास घांसूं लागला, आणि सातारा रस्त्यावरील वळणांत गाडी कलावयास राजीच होईना. कलली म्हणजे एकदम कले. आठ दिवसांनीं तो टायर काढावा लागला. वहिनी म्हणाल्या, "आधीं कवडीचा हिशेब केलात आणि आतां रुपयांची उधळण!" त्यांस उत्तर देण्याजोगें आमच्याजवळ कांहीं नव्हतें.

तेव्हां आतां टायरावरील अक्षरें व आंकडे कसे वाचावे तें सांगतों. विद्यार्थ्यांस विभक्ति-प्रत्यय शिकवितांना आम्ही सांगत असूं कीं शब्दाच्या शेपटींतच त्याचें सारें नातें असतें. टायराच्या बाजूवरील लहान अक्षरांचेंहि तसेंच आहे.

जुन्या बुलेटीच्या दोन्ही चाकांचें माप ३.२५-१९ असें असतें. यांतील पहिला आंकडा टायराच्या रुंदीचा व दुसरा चाकाच्या लोखंडी धांवेच्या व्यासाचा; दोन्ही इंचांत. (बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी पट्ट्यास आपण धांव म्हणतों, संस्कृतांत नाभि, अर आणि नेमि अशीं चाकाच्या तीन अंगांचीं सुटसुटीत नांवें आहेत. दुकानांत मात्र 'रिम' म्हणावें, नाहीं तर मुलगा तोंडाकडे पाहत राहतो.) या जुन्या पद्धतींत टायराची उंची सुमारें रुंदीइतकीच धरलेली असते. म्हणून कागदी हिशेबानें या चाकाचा एकूण व्यास १९ अधिक दोनदां ३.२५, म्हणजे साडेपंचवीस इंच होतो. नवीन पद्धतींत माप ९०/९०-१९ असें लिहितात. येथें पहिला आंकडा रुंदीचे मिलिमीटर दाखवितो, दुसरा उंची रुंदीच्या शेंकडा किती तें सांगतो, आणि तिसरा मात्र इंचांतच राहिला आहे. ही खिचडी कोणीं केली असेल ती असो! ९० च्या शेंकडा ९० म्हणजे ८१ मिलिमीटर उंची. हिशेब केला तर व्यास जवळजवळ तितकाच येतो. म्हणून ३.२५ चा टायर कोठें न मिळाल्यास ९०/९० चा चालण्यासारखा असतो. ४.०० चा मात्र व्यास २७ इंच होतो, म्हणजे शेंकडा सुमारें सहा अधिक. मागील चाक तितकें मोठें झालें म्हणजे प्रत्येक गिअर तितकाच जड होतो आणि चढावर इंजिन कुरकुरूं लागतें. पुढील चाकास तो चढविला तर, ज्या गाडीचा वेगदर्शक कांटा पुढील चाकावरून चालतो तिचा कांटा खरा वेग सांगत नाहीं.

परंतु रुंद टायराचा खरा दोष याहून निराळा आहे. बुलेटीची मूळ धांव अरुंद, म्हणजे सुमारें १.८५ इंच रुंदीची, तिच्यावर डब्ल्यू. एम. २ असा छाप असतो. तिच्यावर रुंद टायर बसविला तर त्याच्या दोन्ही बाजू आंत ओढल्या जातात आणि माथा मडक्याच्या बुडासारखा टोंकदार फुगतो. सरळ जातांना रस्त्यास टेंकणारी जागा वाढण्याऐवजीं कमी होण्याचाच संभव. आमची गाडी वळणांत अशी कां वागली याचा उलगडा आम्हांस पुढें झाला. गाडी बांधणारांनीं सांगाडा, धांव व टायर यांचा मेळ एकत्र घातलेला असतो. त्यांतील एकच अंग वाढविल्यानें बाकीचीं अंगें त्यास येऊन मिळत नाहींत. अगदींच हौस असेल तर मागील चाकास ३.५० पर्यंत जाण्यास हरकत नाहीं असें अनुभवी मिस्त्री सांगतात, परंतु साखळीचें झांकण व चिखलपंखा यांपासून बोटभर अंतर राहतें कीं नाहीं हें चाक हातानें फिरवून आधीं पाहावें.

मापापुढें एक आंकडा व एक अक्षर असतें. उदाहरणार्थ ५४ पी. येथील ५४ म्हणजे चोपन्न किलो नव्हेत. तो एका ठरलेल्या कोष्टकांतील क्रमांक असून त्याचा अर्थ एका टायरानें वाहावयाचा भार २१२ किलो असा आहे. पी हें अक्षर ताशीं १५० किलोमीटरांची मर्यादा दाखवितें. वेगाची चिंता जुन्या गाडीस नको, भाराची मात्र हवी. गाडी सुमारें १६५ किलो, चालविणारा ७०, मागें बसणारा ६५, एकूण ३००. दोघे बसले म्हणजे यांतील निम्म्याहून बराच अधिक भार मागील चाकावर येतो. तीन पंचमांश धरला तरी १८० किलो झाले. त्यांत आंब्याची पेटी बांधली कीं २१२ फार दूर राहत नाहीं. म्हणून स्वस्त मिळतो या कारणासाठीं कमी क्रमांकाचा टायर मागें घालूं नये. आमच्याकडे जोडप्यानें गाडीवर बसून मध्यें मुलास घेण्याची रीत आहे, ती टायराच्या कोष्टकांत कोठेंच धरलेली नाहीं.

पुढचा व मागचा टायर एकाच नक्षीचे नसतात, याचें पुष्कळांस आश्चर्य वाटतें. जुन्या बुलेटीस पुढें लांब सरळ रेघांचा टायर शोभतो, तो केवळ जुनें रूप म्हणून नव्हे. पुढील चाकाचें काम दिशा धरण्याचें. उभ्या रेघा गाडीस आडवी सरकूं देत नाहींत. मागील चाकाचें काम जोर लावून रस्ता मागें ढकलण्याचें. तेथें ठोकळ्यांची नक्षी हवी. ज्या टायरावर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तो बाणाप्रमाणेंच बसवावा. नांवावरून व कीर्तीवरून मात्र टायर निवडूं नये. डनलपचा 'टी. टी. १००' या नांवाचा टायर जुन्या गाड्यांच्या शौकिनांत फार प्रसिद्ध आहे. १९६९ सालीं आइल ऑफ मॅन बेटावरील शर्यतींत माल्कम अपहिल यानें ट्रायम्फ बॉनव्हिलवर तासाला शंभर मैलांच्या सरासरीनें फेरा पुरा केला, त्यावरून त्याचें तें नांव पडलें. गोष्ट मोठी रम्य आहे. पण आपणांस जावयाचें असतें मेणवलीस.

ट्यूबलेस टायराविषयीं पुतण्यानें बराच वाद घातला. त्याचे गुण आम्हांस मान्य आहेत; खिळा शिरला तरी हवा हळू जाते. परंतु तारांच्या आऱ्यांच्या चाकास प्रत्येक आऱ्यासाठीं धांवेंत भोंक असतें, तेथून हवा निसटते. आणि ट्यूबलेस टायराची कड जागेवर धरून ठेवणारा उंचवटा जुन्या धांवेस नसतो. म्हणून आपल्या गाडीस ट्यूब हवीच. टायर नवा घेतला कीं ट्यूबहि नवी घ्यावी. जुनी ट्यूब ताणून सैल झालेली असते, नव्या टायरांत तिला घडी पडते आणि त्या घडीवरच ती फाटते. आऱ्यांच्या डोक्यांवर बसणारी रबरी पट्टीहि त्याच वेळीं बदलावी. ती थोड्या पैशांत मिळते आणि ती नसल्यामुळें रस्त्यांत खोळंबलेले आम्हीं पाहिले आहेत. दुसरें असें कीं एका चाकास रेडिअल व दुसऱ्यास जुन्या धर्तीचा आडव्या-तिडव्या धाग्यांचा टायर घालूं नये. दोघांची लवण्याची तऱ्हा निराळी असते.

एक मोह आम्हांस स्वतःस पडला होता, तो सांगतों. जुन्या वस्तु विकणाऱ्या एका गृहस्थापाशीं दादांच्या गाडीवर प्रथम होता तसाच, त्याच नांवाचा, कधींच न वापरलेला टायर होता. गुंडाळलेला कागदहि तसाच! दादांचे डोळे तो पाहून चमकले. परंतु उत्पादनाच्या चौकटींत चारांऐवजीं तीनच आंकडे होते. २००० सालापूर्वीं वर्षासाठीं एकच आंकडा छापीत. म्हणजे टायर निदान चोवीस वर्षांचा ठरला. न वापरलेला म्हणजे नवा नव्हे. गाडी प्रदर्शनांत उभी करावयाची असेल तर तो अवश्य घ्यावा. दादांनीं तो पुन्हां कागदांत गुंडाळून परत दिला, आणि परतींच्या वाटेवर ते फारसें बोलले नाहींत.

अखेर साताऱ्याच्या एका साध्या दुकानांतून मूळ मापाचे दोन टायर आणले, आय. एस. आय. ची खूण व चार आंकडे दुकानांतच चष्मा लावून वाचून. पुढें रेघांचा, मागें ठोकळ्यांचा. दुकानदारानें पहिल्यानें दिलेला मागील टायर अडीच वर्षांचा निघाला. तो म्हणाला, "गुरुजी, माल नवाच आहे." आम्हीं दुसरा मागितला, त्यानें दिला, मागण्यांत संकोच कसला? टायर चढवितांना मिस्त्रीच्या शेजारीं बसून पाहिलें. ट्यूबेस शंखजिऱ्याची पूड लावली कीं नाहीं, टॉमीच्या टोंकानें ती चिमटली गेली नाहीं ना, टायरावरील रंगीत ठिपका व्हॉल्वसमोर आला ना, आणि बाजूवरील बारीक गोल रेघ धांवेच्या कडेपासून सर्वत्र सारख्या अंतरावर आहे ना, एवढें पाहिलें म्हणजे पुष्कळ झालें. हवेचें प्रमाण गाडीच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें तेंच धरावें. पुढील चाकांत मागल्यापेक्षां बरीच कमी हवा लागते. पेट्रोल पंपावरील मुलगा दोन्हींकडे सारखीच भरतो, त्यास थांबवावें. हवा टायर थंड असतांना तपासावी. पहिले शंभर-दीडशें किलोमीटर सावकाश जावें, कारण सांच्यांतून सुटावा म्हणून लावलेला तुळतुळीत थर रबरावर असतो आणि तो झिजल्यावांचून पकड येत नाहीं.

गाडी ठेवण्याची जागाहि आम्हीं बदलली. पूर्वीं ती परसांत पाण्याच्या विजेच्या पंपाशेजारीं, दुपारच्या उन्हांत, बाजूच्या टेंकणीवर उभी असे. विजेच्या मोटारीजवळ ओझोन उत्पन्न होतो व तो रबरास खातो, हें आम्हांस नंतर कळलें. आतां ती ओसरीवर सावलींत, मधल्या स्टँडवर असते, आणि तिच्याखालीं रॉकेलचा वा तेलाचा थेंब राहूं देत नाहीं.

पुतण्याचें हाड सांधण्यास दोन महिने लागले. दिवाळीनंतर एका कोरड्या सकाळीं तो दादांस मागें बसवून पसरणीच्या घाटानें वर गेला. तें वळण आलें तेव्हां दादांनीं त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता, असें त्यानें आम्हांस सांगितलें. दादांनीं मात्र घाटांत धुकें छान होतें एवढेंच सांगितलें.

काढलेला जुना टायर भिंतीस टेंकून होता. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे अशीच जुनी बुलेट आहे, त्यानें तो पाहिला आणि म्हणाला, "मास्तर, नक्षी तर सगळी हाय, मला द्या." आम्हीं त्यास चार आंकडे दाखविले, पण त्याचें समाधान झालेलें दिसलें नाहीं. त्याच संध्याकाळीं दादांनीं करवत घेतली आणि टायराच्या कडेंतील पोलादी तारेसकट त्याचे दोन तुकडे केले. वहिनींनीं नव्या टायरांचे आंकडे आपल्या जमाखर्चाच्या वहींत गॅसच्या नोंदीखालीं उतरून घेतले असून त्यांपुढें '२०२९' असें लाल शाईनें लिहिलें आहे.